दोन तृतीयांश लोखंड

१९८३ सालच्या नोव्हेंबर महिन्यात अमेरिकेतील पिट्सबर्ग या जुन्या पोलादनगरीत चुंबकविज्ञानाची जी परिषद भरली, तिच्यात एकमेकांपासून सर्वस्वी स्वतंत्रपणे काम केलेल्या दोन मंडळींनी जवळजवळ एकच शोध जाहीर केला. एक होते जपानच्या सुमितोमो स्पेशल मेटल्स कंपनीतील मासातो सागावा आणि दुसरे जनरल मोटर्सच्या संशोधनशाळेतील जॉन क्रोट. दोघांचे मार्ग निराळे होते. सागावांनी मिश्रधातूची पूड दाबून आणि भट्टीत तापवून घट्ट केली, तर क्रोट यांनी वितळलेल्या मिश्रधातूची धार वेगाने फिरणाऱ्या चाकावर सोडून ती क्षणार्धात गोठविली व तिच्या पातळ फितींपासून पुढचे काम केले. परंतु दोघे ज्या संयुगापाशी येऊन पोहोचले ते एकच होते, आणि त्यात निओडिमियमचे दोन, लोखंडाचे चौदा व बोरॉनचा एक असे अणू होते. तोवर ज्ञात असलेल्या सर्व चुंबकांना या पदार्थाने सामर्थ्यात मागे टाकले. विजेवर चालणाऱ्या मोटारी, पवनचक्क्यांची जनित्रे, संगणकातील तबकड्या आणि कानाला लावायचे ध्वनिक्षेपक या साऱ्यांत तो आज बसलेला आहे.

या शोधाचे श्रेय लोकव्यवहारात निओडिमियमला दिले जाते. माझ्या मते त्यातील खरी नवलाई लोखंडाची होती. विरल मृत्तिका या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सतरा मूलद्रव्यांपैकी एखाद्याची कोबाल्टशी सांगड घातली असता असामान्य चुंबक निपजतो, हे १९६६ पासून माहीत झाले होते. त्या साली ओहायोतील डेटन येथे अमेरिकी हवाई दलाच्या प्रयोगशाळेत कार्ल स्ट्रनाट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यिट्रियम व कोबाल्ट यांच्या संयुगावर काम करून या विद्येचा पाया घातला, आणि त्यापाठोपाठ समेरियम-कोबाल्टचे चुंबक व्यवहारात आले. पण कोबाल्ट ही वस्तू महाग, आणि तिच्या पुरवठ्याचा फार मोठा हिस्सा आफ्रिकेतील झाईर या एकाच देशाच्या अखत्यारीत. १९७८ च्या मे महिन्यात बंडखोरांनी त्या देशाच्या शाबा प्रांतातील कोल्वेझी हे खाणींचे ठाणे काबीज केले, युरोपीय तंत्रज्ञांना मुलूख सोडून निघून जावे लागले, आणि कोबाल्टचे भाव पाहता पाहता अनेक पटींनी चढले. त्याच वर्षाच्या आरंभी सागावांनी एक व्याख्यान ऐकले होते. विरल मृत्तिका व लोखंड यांच्या जोडीत लोखंडाचे अणू परस्परांच्या फार निकट येतात आणि म्हणून तीतून चांगला चुंबक होत नाही, असे वक्त्याचे प्रतिपादन होते. सागावांच्या मनाने घेतले की, बोरॉन किंवा कार्बन यांच्यासारखा एखादा लहानसा अणू मध्ये सारता आला तर ही दाटी सैल पडावी. ते तेव्हा फुजित्सू कंपनीत नोकरीस होते. ही कल्पना उराशी धरून ते १९८२ मध्ये सुमितोमोत गेले आणि तेथे ती सिद्धीस नेली. भावाने चढेल असलेल्या कोबाल्टच्या जागी पृथ्वीवरील सर्वांत स्वस्त धातू बसविता आला, ही त्या शोधाची आर्थिक बाजू होय, आणि जगाने तो इतक्या तातडीने स्वीकारला तो मुख्यतः तिच्यामुळे.

तथापि प्रत्येक वस्तूचा हिशेब ती कारखान्यातून बाहेर पडते तेव्हा संपत नाही. ती भंगारात जाते तेव्हा तो दुसऱ्यांदा मांडावा लागतो. समेरियम-कोबाल्ट चुंबकाच्या वजनात सुमारे दोन तृतीयांश कोबाल्ट असतो. निओडिमियम चुंबकाच्या वजनात सुमारे दोन तृतीयांश लोखंड असते. पहिल्याचे भंगार विरघळविणाऱ्याला समेरियमखेरीज कोबाल्टचाही मोबदला मिळे, आणि बहुधा तेवढ्यावरच त्याचा खर्च निघे. दुसऱ्याच्या भंगारात विक्रीयोग्य ऐवज एक तृतीयांशाहून कमी. उरलेला भाग विरघळवायलाही पैसे लागतात, वेगळा करायलाही लागतात, आणि वेगळा केल्यावर तो कोठे टाकावा याचा बंदोबस्त करायलाही लागतात. ज्या अदलाबदलीने चुंबक स्वस्त झाला तिनेच त्याचे पुनरुज्जीवन महाग केले. गेल्या चाळीस वर्षांतील चुंबक-पुनर्चक्रणाचा सगळा इतिहास मला या एका अदलाबदलीची फेड वाटतो, आणि म्हणूनच त्यात विरळ धातूपेक्षा सर्वसामान्य धातूचीच हकीकत अधिक भरते.

विरल मृत्तिका आणि लोखंड यांचे संबंध तसे जुने आहेत. निओडिमियम हे मूलद्रव्य १८८५ मध्ये व्हिएन्ना येथे कार्ल आउअर फोन वेल्सबाख या रसायनज्ञाने डिडिमियम नावाच्या मानीव मूलद्रव्याचे दोन तुकडे करून वेगळे काढले. क्षारांचे स्फटिक पुनःपुन्हा पाडीत जायचे, एक अंश जरासा गुलाबी आणि दुसरा जरासा हिरवा होऊ लागला की त्यांचे पुन्हा स्फटिक पाडायचे, असा तो चिकाटीचा प्रकार होता. याच आउअरने पुढे वायुदीपाची जाळी काढली. तिच्यासाठी थोरियम लागे आणि थोरियमसाठी मोनाझाइट नावाची वाळू लागे. ती प्रथम ब्राझीलहून येई, आणि १९०९ मध्ये शोंबर्ग या जर्मन रसायनज्ञाने त्रावणकोरच्या किनाऱ्यावर तिचा ठाव लावल्यानंतर आपल्याकडूनही जाऊ लागली. थोरियम काढून घेतल्यावर मागे सिरियम आणि त्याच्या भावंडांचे ढीग उरत. १९०३ मध्ये आउअरने या टाकाऊ धातूंत सुमारे तीस टक्के लोखंड मिसळले, आणि त्या मिश्रधातूवर खरड मारताच ठिणग्यांचा वर्षाव होतो असे आढळले. सिगारेटच्या लायटरमधील चकमक ती हीच, आणि ऑस्ट्रियातील ट्रायबाख येथे तिचा मोठा कारखाना उभा राहिला. विरल मृत्तिकांच्या धंद्याचा एक पाया असा टाकाऊ मालावर आणि लोखंडाच्या संगतीवर घातला गेला. निसर्गातही ही संगत आहेच. मंगोलियाच्या चीनकडील भागात बायान ओबो येथे १९२७ मध्ये जो डोंगर सापडला तो लोखंडाच्या खनिजाचा म्हणून सापडला. त्यात विरल मृत्तिका आहेत हे काही वर्षांनी उघडकीस आले, आणि आज जगातील सर्वांत मोठा ज्ञात साठा तोच आहे. पावटूचे पोलाद कारखाने लोखंडासाठी तो डोंगर फोडतात, आणि विरल मृत्तिका त्याबरोबर हाती येतात.

आता प्रश्न असा की, एकदा एकजीव झालेले हे दोन धातू वेगळे करणे इतके अवघड का असावे? पाठ्यपुस्तकात तर ते अगदी सुलभ दिसते. चुंबक कापताना व घासताना जो कीस पडतो, आणि तो वीस ते तीस टक्क्यांपर्यंत जातो, तो सौम्य गंधकाम्लात टाकला की हायड्रोजनचे बुडबुडे उसळतात आणि द्राव फिकट हिरवा होतो. हा हिरवेपणा फेरस स्थितीतील लोखंडाचा. निओडिमियमचा नाजूक गुलाबी-जांभळा रंग त्याच्याखाली झाकला जातो. या द्रावात हवा फुंकली किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड घातला की लोखंड फेरिक स्थितीत जाते. अम्लता मोजण्याच्या पीएच मापावर दोन ते तीन या टप्प्यात फेरिक लोखंडाचा साका खाली बसू लागतो, आणि निओडिमियम मात्र साधारण सातापर्यंत द्रावातच राहते. या दोन आकड्यांमधले अंतर पाहून कोणाही विद्यार्थ्याला वाटावे की अल्कली घालावी, लोखंड खाली बसवावे, गाळून टाकावे, आणि काम संपले.

प्रत्यक्षात गाळणीच्या कापडावर जे येते ते गंजाची पूड नसून तांबूस तपकिरी, खळीसारखा चिकट लगदा असतो. अल्कली घाईने घातली की फेरिक हायड्रॉक्साइडला स्फटिकरूप धारण करण्याचा अवकाशच मिळत नाही. पाण्याने फुगलेल्या त्या लगद्याने कापडाची छिद्रे लिंपून जातात, दाब वाढविला तरी पाणी थेंबाथेंबाने उतरते, आणि जे पाणी लगद्यात अडकून राहते त्यात मोलाचे निओडिमियम विरघळलेले असते. धुवावे तर पाण्याचे हौद भरतात, न धुवावे तर ऐवज लगद्याबरोबर उकिरड्यावर जातो. शिवाय लगद्याचे असंख्य सूक्ष्म पृष्ठभाग विरल मृत्तिकांचे काही अणू स्वतःला चिकटवून घेतात ते निराळेच. प्रयोगशाळेतील काचपात्रात ही अडचण तासाभराच्या विलंबाने सोसता येते. कारखान्यात तिच्यापायी धंदा बसतो.

ही अडचण चुंबकवाल्यांच्या आधी जस्तवाल्यांनी भोगली होती, आणि तिचा निकालही त्यांनीच लावला होता. जस्ताच्या खनिजात लोखंड असतेच; ते भाजताना त्याचे जस्ताशी असे संयुग बने की साध्या अम्लाला ते दाद देत नसे, आणि खनिजातील जस्ताचा सुमारे दहावा हिस्सा त्या अवशेषात अडकून कारखान्यामागे साचत राही. कडक व उष्ण अम्लाने तो सुटे, पण त्याबरोबर लोखंडही द्रावात उतरे, आणि मग तोच लगदा, तीच तुंबलेली गाळणी. १९६४-६५ च्या सुमारास स्पेनमधील आस्तुरियाना दे झिंक, नॉर्वेतील एक कंपनी आणि टास्मानियातील रिस्डन येथे कारखाना असलेली ऑस्ट्रेलियन कंपनी अशा तिघांनी परस्परांपासून स्वतंत्रपणे एकच तोड काढली. द्राव उकळीच्या आसपास ठेवायचा, पीएच दीडच्या जवळपास राखायचा, आणि सोडियम किंवा अमोनियमचा क्षार घालायचा. असे केले असता लोखंड हायड्रॉक्साइडच्या रूपाने न बसता जॅरोसाइट नावाच्या पिवळट स्फटिकांच्या रूपाने बसते, आणि ते वाळूसारखे सुटे असल्यामुळे झटकन गाळले जाते. काही वर्षांनी बेल्जियममधील व्हिएई मोंताञ कंपनीने फेरिक लोखंडाचे प्रमाण द्रावात सतत अत्यल्प ठेवून गोएथाइट हे दुसरे स्फटिकरूप साधले. आपल्याकडे राजस्थानातील जस्त कारखान्यांतही जॅरोसाइटचाच शिरस्ता पडला. माझ्या दृष्टीने ओल्या धातुशोधनाच्या इतिहासातील हा एक मोठा प्रसंग आहे. त्याची कीर्ती मात्र त्या धंद्याबाहेर कधी पसरली नाही, कारण त्यातून कोणतीही नवी वस्तू बाजारात आली नाही, एक जुनी डोकेदुखी तेवढी नाहीशी झाली.

चुंबकांच्या बाबतीत ही विद्या पहिल्याने नेटकेपणाने वापरली ती अमेरिकेच्या खाणखात्याने. ब्युरो ऑफ माइन्स हे खाते १९१० मध्ये स्थापन झालेले; त्याच्या सॉल्ट लेक सिटी येथील संशोधनकेंद्रात लायमन आणि पामर या दोघांनी निओडिमियम चुंबकांच्या भंगारावर काम केले आणि १९९२ मध्ये त्यांच्या पद्धतीचे पेटंट अमेरिकी सरकारच्या नावे नोंदले गेले. त्यांच्या पद्धतीतील शहाणपणा असा की, तिने लोखंडाला प्रथम हातच लावला नाही. भंगार गंधकाम्लात विरघळवायचे, लोखंडाला फेरस स्थितीतच राहू द्यायचे, म्हणजे अम्लता थोडी कमी झाली तरी ते खाली बसत नाही. मग सोडियमयुक्त अल्कली घालून पीएच दीडच्या आसपास आणायचा. त्याबरोबर निओडिमियम आणि सोडियम यांचा जोडक्षार फिकट गुलाबी कणांच्या रूपाने खाली बसतो, सहज गाळला जातो, आणि हिरवा द्राव वरच्यावर निघून जातो. लोखंडाची पाळी येते ती यानंतर. त्या हिरव्या द्रावातील लोखंडाचे ऑक्सिडीकरण करून त्याचे जॅरोसाइट पाडायचे, म्हणजे तेही सुटसुटीत गाळले जाते आणि लगद्याचा उपद्रव होत नाही. आधी मोलाचे उचलावे आणि मग बिनमोलाचे निस्तरावे, हा क्रम आज इतका उघड वाटतो की तो कोणाला सुचावा लागला होता याचीच विस्मृती पडते. त्याच्या उलट क्रमाने, म्हणजे लोखंड आधी काढण्याच्या खटपटीत, किती श्रम वाया गेले असतील याची कल्पना त्या तपकिरी लगद्याशी ज्याची गाठ पडली आहे त्यालाच करता येईल.

परंतु या पद्धतीतही लोखंडाचा कर चुकत नाही. शंभर किलो चुंबक घेतले तर त्यात ढोबळमानाने तीस किलो विरल मृत्तिका आणि सहासष्ट किलो लोखंड असते. तीस किलो निओडिमियम विरघळायला सुमारे तीस किलो शुद्ध गंधकाम्ल पुरते. सहासष्ट किलो लोखंडाला त्याच कामासाठी सुमारे एकशे सोळा किलो लागते. म्हणजे अम्लाचा जवळजवळ चार पंचमांश भाग ज्याची कोणाला गरज नाही अशा धातूवर खर्ची पडतो. आणि त्या सहासष्ट किलोंचे सोडियम जॅरोसाइट केले तर ते कोरडे असताही सुमारे एकशे नव्वद किलो भरते. शंभर किलो भंगारापासून त्याच्या जवळजवळ दुप्पट वजनाचा कचरा निर्माण होतो, आणि तो पिवळा चिखल जमिनीत मुरणार नाही अशा खड्ड्यात कायमचा सांभाळावा लागतो. या आकड्यांना मी फार महत्त्व देतो, कारण पुढील वीस-पंचवीस वर्षांतील प्रत्येक सुधारणा प्रत्यक्षात याच दोन रकमा कमी करण्याची धडपड आहे.

एखाद्या चतुर वाचकाला येथे शंका येईल की, नवा चुंबक करताना पुन्हा लोखंडच मिसळायचे आहे, तर थोडे राहिले तर बिघडले कोठे? बिघडते ते मधल्या पायऱ्यांवर. भंगारातून आलेल्या निओडिमियमबरोबर प्रेसिओडिमियम असते, आणि उष्णता सोसणाऱ्या चुंबकांत डिस्प्रोसियम असते; त्यांची विभागणी सेंद्रिय द्रावकांच्या लांबच लांब रांगेतून करावी लागते. ज्या फॉस्फरसयुक्त अम्लद्रावकांवर ही रांग चालते त्यांना फेरिक लोखंड इतके घट्ट चिकटते की ते सोडवून घेताना नाकी नऊ येतात. थोडे थोडे साचत जाऊन द्रावकाची ताकद तेच खाऊन टाकते, आणि तेल व पाणी यांच्या सीमेवर मळीचा थर धरतो. म्हणून रांगेच्या दारातच लोखंडाला मज्जाव करावा लागतो. ऑक्झॅलिक अम्लाने विरल मृत्तिकांचा साका पाडण्याची जी जुनी व खात्रीची रीत आहे, तिच्यातही लोखंडाची स्थिती सांभाळावी लागते. फेरिक लोखंड ऑक्झॅलेटच्या संगतीत विरघळलेले राहते, पण फेरस लोखंडाचे ऑक्झॅलेट स्वतःच पिवळ्या साक्याच्या रूपाने खाली बसून शुद्ध मालात मिसळते. सॉल्ट लेकच्या पद्धतीत जे फेरस लोखंड मित्र होते, तेच येथे शत्रू ठरते. धातूचे नाव तेच राहून केवळ एका इलेक्ट्रॉनच्या फरकाने त्याचे वर्तन इतके पालटावे, आणि त्या फरकावर धंद्याचा नफा-तोटा टांगलेला असावा, हे मला या विषयातील सर्वांत विलक्षण वाटते.

सॉल्ट लेकच्या कामाचे पुढे काय झाले? अमेरिकी संसदेने १९९५ मध्ये खर्चकपातीच्या नावाखाली ब्युरो ऑफ माइन्सला निरोप द्यायचे ठरविले, आणि १९९६ मध्ये ते खाते बंद पडले. त्याच १९९५ सालात जनरल मोटर्सने क्रोट यांच्या शोधावर उभारलेली मॅग्नेक्वेंच ही कंपनी विकून टाकली. विकत घेणाऱ्यांत चिनी कंपन्यांचा मोठा वाटा होता, आणि काही वर्षांतच इंडियानातील तिची यंत्रसामग्री चीनकडे रवाना झाली. या दोन घटना एकाच वर्षी घडाव्यात हा योगायोग असेल. त्यांमागची वृत्ती मात्र एकच होती. चीनमध्ये याच्या नेमके उलट चालले होते. पेकिंग विद्यापीठातील शू ग्वांगशियान या रसायनज्ञाने १९७० नंतरच्या दशकात द्रावकांच्या रांगेचे गणित बसविले, म्हणजे किती हौद लागतील आणि कोणत्या हौदातून काय निघेल हे प्रयोगाआधीच कागदावर मांडता येऊ लागले. त्या गणितावर छोटेमोठे असंख्य कारखाने उभे राहिले. चुंबक तेथे घडू लागले, म्हणून कीसही तेथेच पडू लागला, आणि च्यांगशी प्रांतातील कानचौ व आसपासच्या भागात तो विकत घेऊन शुद्ध करण्याचा स्वतंत्र धंदा रुजला.

त्या धंद्याने लोखंडाशी जो व्यवहार केला तो अनुभवातून आलेला होता. कीस प्रथम भट्टीत हवेवर चांगला भाजायचा, म्हणजे लोखंडाचे तांबडे ऑक्साइड होते. मग सौम्य हायड्रोक्लोरिक अम्ल गरम करून अगदी जपून, मापाने द्यायचे. विरल मृत्तिकांची ऑक्साइडे चटकन विरघळतात, लोखंडाचे सहसा विरघळत नाही, आणि चुकून जे विरघळते ते अम्ल कमी पडू लागताच पुन्हा ऑक्साइडच्या रूपाने खाली बसते. खाली बसताना ते आपण घेतलेले अम्ल परत करते, आणि ते परतलेले अम्ल राहिलेल्या निओडिमियमला विरघळविण्याच्या कामी येते. लोखंडाला अम्लाचा चार पंचमांश वाटा देण्याची सक्ती या एका युक्तीने बव्हंशी टळली, आणि जॅरोसाइटच्या चिखलाऐवजी तांबडी भुकटी मागे राहिली. भाजणे फार कडक झाले तर मात्र निओडिमियम आणि लोखंड यांचे संयुक्त ऑक्साइड बनते आणि ते सौम्य अम्लाला वश होत नाही. भट्टीवरच्या माणसाच्या नजरेवर येथे बरेच अवलंबून असते.

युरोपला जाग आली ती २०१० मध्ये. त्या वर्षी चीनने विरल मृत्तिकांच्या निर्यातीचा कोटा सुमारे चाळीस टक्क्यांनी घटविला, सप्टेंबरात सेन्काकू बेटांजवळ चिनी मच्छीमार नौकेची आणि जपानी गस्ती नौकांची टक्कर झाल्यावर जपानकडे जाणारा माल काही काळ अडला, आणि २०११ मध्ये भाव आकाशाला भिडले. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालाने दाखविले की, जुन्या वस्तूंतून परत मिळविल्या जाणाऱ्या विरल मृत्तिकांचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी आहे. बेल्जियममधील लूव्हेन विद्यापीठात कून बिनेमन्स यांच्या गटाने २०१३ व २०१४ मध्ये या प्रश्नाला दोन बाजूंनी हात घातला. एका कामात त्यांनी भाजून-विरघळविण्याच्या मार्गातील अम्लाचे पुनरागमन शास्त्रशुद्ध रीतीने मांडले. दुसऱ्यात त्यांनी जी कल्पना वापरली तिचे मूळ १८९२ मधील आहे. कडक हायड्रोक्लोरिक अम्लातील फेरिक लोखंड ईथरमध्ये उतरते हे रोटे यांनी तेव्हा दाखविले होते, आणि पोलादाचे पृथक्करण करणारे रसायनज्ञ त्याचा उपयोग पिढ्यान्‌पिढ्या करीत आले होते. लोखंड क्लोरीनचे चार अणू जवळ करून ऋणभारित होते. निओडिमियम तसे करीत नाही. पेट घेणाऱ्या ईथरच्या ठिकाणी लूव्हेनच्या मंडळींनी न उडणारा, न पेटणारा आयनिक द्रव घेतला, त्याने लोखंड आणि कोबाल्ट ओढून घेतले, आणि निओडिमियम पाण्यात मागे राहिले. शंभर वर्षांपूर्वीच्या पृथक्करणशाळेतील एक नित्याची क्रिया अशी नव्या धंद्याच्या कामी आली, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

इंग्लंडमधील बर्मिंगहॅम विद्यापीठात रेक्स हॅरिस यांनी याच्याही पलीकडचा विचार केला. चुंबक हायड्रोजन शोषून घेतो, शोषताना फुगतो, आणि फुगताना आपोआप ठिसूळ होऊन त्याची भुकटी पडते. जुन्या संगणकाची तबकडी कापून तशीच हायड्रोजनच्या पात्रात ठेवली तर आतील चुंबक स्वतःच विस्कटून बाहेर गळतो, त्याचे आकर्षणही नाहीसे होते, निकेलच्या मुलाम्याचे पापुद्रे चाळून काढता येतात, आणि राहिलेली मिश्रधातूची पूड पुन्हा दाबून, तापवून नवा चुंबक करता येतो. येथे लोखंड काढण्याचा प्रश्नच उरत नाही. ते जेथे असायला हवे तेथेच असते. अम्ल नाही, जॅरोसाइट नाही, द्रावकांची रांग नाही. हॅरिस यांच्या परंपरेतून २०१८ मध्ये हायप्रोमॅग ही कंपनी निघाली. मला हा मार्ग सर्वांत विवेकाचा वाटतो, पण तो सर्वत्र चालत नाही. गंजलेला कीस, पाण्यात व तेलात भिजलेली घासणीची पूड, निरनिराळ्या जातींच्या चुंबकांची सरमिसळ, यांत ऑक्सिजन इतका शिरलेला असतो की त्यांना मूलद्रव्यांपर्यंत फोडल्याखेरीज गत्यंतर नसते. आणि कारखान्यातील भंगाराचा मोठा भाग नेमका याच जातीचा असतो.

हा सारा वृत्तांत आपल्या दृष्टीने आता दूरदेशीचा राहिलेला नाही. भारत सरकारने १९५० मध्ये इंडियन रेअर अर्थ्‌स ही संस्था स्थापन केली, तिचे मुख्य दफ्तर मुंबईत ठेवले, आणि केरळातील आलुव्याच्या कारखान्यात १९५२ पासून मोनाझाइटवर प्रक्रिया सुरू झाली. मोनाझाइट फोडण्याची विद्या आपल्याला सत्तर वर्षांपासून अवगत आहे. निओडिमियमचा घट्ट चुंबक मोठ्या प्रमाणावर घडविण्याची मात्र आपण कधी तजवीज केली नाही. एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात विरल मृत्तिका आणि त्यांचे चुंबक यांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, आणि जुलैपर्यंत पुण्याच्या आकुर्डीत बनणाऱ्या विजेवरच्या चेतक स्कूटरचे उत्पादन कमी करावे लागले. त्यानंतर केंद्र सरकारने त्या वर्षीच्या सप्टेंबरात महत्त्वाच्या खनिजांच्या पुनर्चक्रणासाठी १,५०० कोटी रुपयांची आणि नोव्हेंबरात घट्ट चुंबकांच्या कारखान्यांसाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. दुसऱ्या योजनेचे उद्दिष्ट वर्षाला ६,००० टन चुंबकांचे आहे.

या दोन योजनांची दफ्तरे निराळी ठेवणे मला योग्य वाटत नाही. ज्या दिवशी पहिला कारखाना पहिला ठोकळा कापील त्याच दिवशी पहिला कीस पडेल. तो तेलकट, ओला, हवेत आपोआप पेट घेण्याजोगा आणि दोन तृतीयांश लोखंडाचा असेल, आणि उत्पादन ठरल्याप्रमाणे पूर्ण वेगाने चालले तर वर्षाकाठी तो हजार टनांच्या वर जाईल. तो भाजण्याची भट्टी कोठे असावी, तांबडी भुकटी कोणत्या रंगाच्या किंवा पोलादाच्या कारखान्याने उचलावी, आणि जॅरोसाइटचा खड्डा कोणाच्याही गावाजवळ खणावा लागू नये म्हणून कोणती पद्धत सक्तीची करावी, हे कारखान्याच्या परवान्यातच लिहून घेता येईल. राजस्थानात जस्ताच्या कामी जॅरोसाइट हाताळलेले अभियंते, जमशेदपूरच्या राष्ट्रीय धातुकर्म प्रयोगशाळेत चुंबक भाजून सौम्य अम्लात विरघळविण्याचे प्रयोग केलेले संशोधक, आणि आलुव्याला द्रावकांच्या रांगा चालविणारे कामगार, असे तिन्ही प्रकारचे जाणकार या देशात आजही कामावर आहेत. परवान्याचा मसुदा करणाऱ्यांनी त्यांना एका टेबलाशी बसवायचे तेवढे राहिले आहे.